सरकीच्या पोत्यावरचा ठसा

मी माझ्या आईसाठी फटफटीची गादी खास बनवून घेतली होती, ही गोष्ट आमच्या धामणगावात अजून सांगतात. हल्लीची पोरं मोटारसायकलीवर बसून कुठं कुठं लांबवर जातात आणि त्यासाठी माप देऊन सीट शिवून घेतात. पारावर तसा विषय निघाला की कोणीतरी म्हातारा हमखास माझ्याकडं बोट दाखवतो. ‘या बाबानं तं तवाच केली होती, आपल्या मायसाठी.’ मग सगळे माझ्याकडं कौतुकानं बघतात आणि मी मान हलवतो. इतकी वर्षं हलवत आलो. आता मान दुखायला लागली आहे, म्हणून लिहून टाकतो.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. वडील त्याआधीच गेलेले, घरात मी आणि आई दोघंच. आमचा भाजीपाल्याचा मळा होता, पण माझं पोट भरत होतं ते कांद्याच्या बियाण्यावर. पोत्यात बी भरून मी जिल्हाभर फिरायचो. त्यासाठी सैन्याच्या लिलावातली एक जुनी फटफटी घेतली होती. पुढं माझी स्प्रिंगची सीट, मागं बियाण्याच्या पोत्यासाठी लोखंडी कॅरिअर. कांद्याचं बी खरं की खोटं ते पेरल्यावर कळतं. तोवर माणूस विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघून विश्वास ठेवतो. त्यामुळे माझं तोंड चार लोकांत साफ राहिलं पाहिजे, याची मला भारी काळजी. ती काळजी कामाची कमी आणि मिजाशीची जास्त होती, हे आता कळतं.

त्या वर्षी आईचं पोट फुगायला लागलं. जलोदर. शेगावच्या एका डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं, परातभर निघालं. बाहेर आल्यावर आई म्हणाली, ‘‘हलकं झालं बापा, जसं काही डोक्यावरचा भारा उतरला.’’ पण दर तीन आठवड्यांनी पाणी काढावंच लागेल, नाही काढलं तर छातीवर दाब येऊन दम कोंडेल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. म्हणजे आईचं जगणं शेगावच्या वाटेवर टांगलेलं होतं. एस.टी. दोन ठिकाणी बदलावी लागायची. तिथं उन्हात उभं राहायचं, आणि पोचेपर्यंत डॉक्टर उठून गेलेले. मग लॉजवर मुक्काम. एकदा तसं केलं आणि आईचे पाय असे सुजले की दुसऱ्या वेळी मी तिला फटफटीवर घेतलं.

कॅरिअरवर घोंगडी घडी करून टाकली. आई नऊवारी नेसायची, कासोटा घट्ट. जन्मभर ती शेतात राबलेली, बैलगाडी हाकलेली, मळणीवर उभी राहिलेली बाई. ती सरळ दोन्हीकडं पाय टाकून माझ्यामागं बसली आणि माझी कंबर धरली. पारावरून जाताना हॉटेलातल्या बाकावरून एक जण ओरडला, ‘‘पाहा बे, म्हातारी घोड्यावर बसून राह्यली!’’ बाक हसलं. आईही हसली. माझे मात्र कान तापले. वेशीबाहेर गेल्यावर मी गाडी थांबवून तिला उतरवलं.

‘‘माय, एकीकडं पाय सोडून बस. बायामानसावानी.’’

‘‘काऊन? मले असंच बरं वाटते. कासोटा तं हाय. काय दिसून राह्यलं?’’

‘‘लोक हसतात.’’

‘‘हसू दे. त्याहिले दुसरं काय काम हाय?’’

पण ती बसली एकीकडं. मी चिडलो की ती वाद घालत नसे. माझा तापट स्वभाव माझ्या वडिलांकडून आलेला, आणि त्या स्वभावासमोर गप्प बसायची सवय तिला त्यांच्यापासूनच होती. शेगावपर्यंत तिनं एकदाही तक्रार केली नाही. उतरताना मात्र तिला उभं राहता येईना. कॅरिअरच्या सळ्या घोंगडीतून रुतून मांडीवर काळे वळ उठले होते. दवाखान्यातल्या बाईनं ते मला बोलावून दाखवले. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

तिथंच मी ठरवलं की गादी करायची. साधी नाही, जिल्ह्यात कोणाकडं नसेल अशी. मेहकरच्या बसस्टँडमागं टांग्याच्या गाद्या शिवणारे एक मिस्त्री होते. बियाण्यासाठी मी तिकडं जायचोच. पन्नाशी उलटलेला माणूस, तोंडात दोन खिळे धरून बोलायचा. मी कॅरिअर दाखवून म्हटलं, ‘‘इतकी मऊ करा की खड्डा कळला नाही पाहिजे.’’

‘‘बसनारं कोन?’’

‘‘माझी माय. आजारी आहे.’’

‘‘मंग त्याहिले आना. मानसाबिगर माप होत नाही भाऊ.’’

‘‘इतक्या लांब कशी आणू?’’

मग त्यांनी मला त्यांची रीत सांगितली. जाड तागाच्या पोत्यात अर्ध्यापर्यंत सरकी भरायची, तोंड आवळून बांधायचं, गाडी उभी करून पोतं कॅरिअरवर ठेवायचं आणि त्यावर माणसाला घटकाभर बसवायचं. सरकी माणसाप्रमाणे दबते. माणूस उठलं की त्या खड्ड्यावर फडकं पसरून ओली माती थापायची. वाळली की माती उचलून आणायची. ‘‘कोनत्या अंगानं जास्त भार देते, कुठं दुखते, सबकुछ त्या मातीत दिसते,’’ ते म्हणाले. मग खिळे तोंडातून काढून हातात घेतले आणि माझ्याकडं नीट बघत विचारलं, ‘‘पन एक सांगा. दोन्हीकडं पाय टाकून बसतीन ना त्या?’’

‘‘का?’’

‘‘मऊ गादी काठाला ढळते. एकीकडं पाय सोडून बसनारं मानूस गादीवर नसते भाऊ, काठावर असते. तसं बसायचं असलं तं मी कडक करून देतो, काथ्याची. टोचंल थोडी, पन धरून ठेवंल. मऊ पायजे असंल तं दोन्हीकडं पाय. दोनातलं एक बोला.’’

मला मऊच हवी होती. आईच्या मांडीवरचे ते वळ डोळ्यांसमोर होते. आणि आई वेशीतून घोड्यावर बसल्यासारखी जाते आहे, हेही मला नको होतं. 

‘‘दोन्हीकडं,’’ मी म्हटलं.

घरी मी अंगणाचं दार लावून घेतलं आणि गाडीवर सरकीचं पोतं बांधलं. आईला फार गंमत वाटली. दार बंद आहे म्हटल्यावर ती अगदी ऐसपैस बसली, दोन्हीकडं पाय, दोन्ही हात माझ्या सीटवर. ‘‘असं बसाचं असंल तं काशीले बी जाईन,’’ म्हणाली. उठल्यावर माती तिनंच थापली. गल्लीतल्या निम्म्या चुली तिच्या हातच्या होत्या. तिनं पांढरी माती आणली, भुसा मिसळला, तुडवून लोण्यासारखी केली आणि स्वतःच्या बसण्याचा ठसा स्वतःच्या हातानं घेतला. चार दिवस तो सावलीत वाळला. डाव्या बाजूचा खड्डा जास्त खोल होता, कारण त्या अंगाला पोट जास्त ओढायचं. मी तो ठसा कडब्यात गुंडाळून मेहकरला नेला.

गादी झाली ती बघण्यासारखी. तळाला टांग्याच्या स्प्रिंगा, वर काथ्याचा पातळ थर, त्यावर घोड्याच्या शेपटीचे केस, त्यावर पिंजलेला कापूस आणि सगळ्यांवर तांबडं रेक्झिन, दुहेरी टाक्यांचं. मिस्त्रींनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. धामणगावात गाडी उभी केली तेव्हा बघायला माणसं गोळा झाली. ‘म्हातारी घोड्यावर’ म्हणून जो ओरडला होता तोच गादी दाबून बघत म्हणाला, ‘‘पोरगा असावा तं असा.’’ माझी छाती फुगली. त्या दिवशी मला वाटलं की बियाण्याच्या धंद्यात मला आता कोणी खोटं म्हणणार नाही.

पहिल्या फेरीला आम्ही एक तडजोड केली. गावातून निघताना आई एकीकडं पाय सोडून बसायची. वेशीबाहेर बाभळीपाशी मी थांबायचो, ती उतरायची आणि दोन्हीकडं पाय टाकून बसायची. वाटेत मोताळा आलं की पुन्हा उतरून एकीकडं. बाजार संपला की पुन्हा दोन्हीकडं. फुगलेलं पोट घेऊन तिला दर वेळी चढायला-उतरायला त्रास व्हायचा, पण मधल्या मोकळ्या रस्त्यावर ती सुखात असायची. मागून तिचं गुणगुणणं ऐकू यायचं. ‘‘आंगनात बसल्यावानी वाटून राह्यलं बे,’’ ती ओरडून सांगायची. मी तिच्यासाठी काहीतरी केलं, याचा तेवढा वेळ मला खरा आनंद होता. तो मी नाकारत नाही.

दुसऱ्या फेरीला थांबायचा मला कंटाळा आला. कुठंही थांबलं की कोणी ना कोणी ओळखीचं भेटायचं, आणि म्हातारी टांग टाकून गाडीवर चढते आहे हे बघत उभं राहायचं. मी चार ठिकाणांऐवजी दोनच ठिकाणी थांबलो. 

तिसऱ्या फेरीला जाताना थांबलो, येताना नाही. डॉक्टरांनी त्या दिवशी पुष्कळ पाणी काढलं होतं. आई थकली होती, आवाज बारीक झाला होता. शेगावातून निघताना ती एकीकडं बसली, कारण दुकानांची गर्दी होती. नांदुरा मागं पडलं तसं तिनं माझ्या पाठीवर थाप मारली.

‘‘थांबतो का रे? नीट बसतो म्हनलं. डोळा लागून राह्यला.’’

मी थांबणारच होतो. पण समोर बाजारातून परतणाऱ्या, आमच्याच दिशेनं चाललेल्या तीन बैलगाड्या दिसल्या. पहिल्या गाडीवरचा माणूस माझं गिऱ्हाईक होता, दरवर्षी बी घेणारा. मी हात वर करून रामराम केला आणि गाडी तशीच पुढं काढली.

‘‘आता पुढं थांबू माय, विहिरीपाशी. पानी पी, मंग बस.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली.

तो रस्ता नुकताच डांबर पडलेला होता, सरळ आणि गुळगुळीत. खड्डा असता तर तिनं मला घट्ट धरलं असतं. थोड्या वेळानं तिचा हात माझ्या कमरेवरून सैल झाला. ते मला कळलं होतं, हे मी लिहायलाच हवं. मला वाटलं, झोपली, बरं झालं, तेवढाच आराम. मी वेग थोडा कमी केला आणि मनातल्या मनात मिस्त्रींच्या हाताला दाद दिली. पुढं कधीतरी गाडीनं एक हलका हेलकावा घेतला. गादी इतकी चांगली होती की मागचा धक्का तिनंच जिरवला, त्याहून जास्त मला काही जाणवलं नाही.

मी बोलतही राहिलो. मळ्यातल्या वाफ्यांबद्दल, येत्या हंगामातल्या बियाण्याबद्दल, डॉक्टर काय म्हणाले त्याबद्दल. विहीर आली. मी गाडी बंद केली, म्हटलं, ‘‘उतर माय,’’ आणि मागं हात दिला. गादी रिकामी होती. उन्हानं तापलेली नव्हती, म्हणजे ती तिथून नुकतीच पडली असणार, असा हिशेब मी केला. असल्या वेळी माणसाचं डोकं काय वाट्टेल ते बघतं.

मी परत किती जोरात गेलो ते आठवत नाही. मघाच्या त्या बैलगाड्या रस्त्यात आडव्या थांबलेल्या होत्या. त्या माणसांनी आईला उचलून गाडीत कडब्यावर झोपवलं होतं. डोक्याला खोक पडली होती आणि उजवा पाय मांडीपासून भलतीकडंच वळलेला होता. तिनं पदर मात्र नीट ओढून घेतला होता. माझं गिऱ्हाईक मला काही विचारणार, इतक्यात तीच बोलली.

‘‘त्याचं काई नाही भाऊ. तो थांबूनच राह्यला होता. मीच घाईनं उतराले गेली, त्याले मालूम बी नाही पडलं.’’

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले. मी त्या माणसांना म्हटलं, ‘‘हो, तसंच झालं.’’

खुब्याचं हाड मोडलं होतं. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, डॉक्टरांनी पाय ताणून धरायला वजन लावायला सांगितलं, पण त्यापुढं काही झालं नाही. आई आता बसूच शकत नव्हती. एकीकडंही नाही आणि दोन्हीकडंही नाही. एकदा बैलगाडीत निजवून मी तिला शेगावला नेलं. दोन दिवस लागले आणि वाटेत ती इतकी ओरडली की परत आल्यावर म्हणाली, ‘‘आता नको नेऊ बापा.’’ मी नेलं नाही. पोट पुन्हा फुगलं. गावातला कंपाउंडर सुई लावायला घाबरत होता. गादी मी गाडीवरून काढून तिच्या पाठीशी लावली होती, कारण टेकून राहिलं की तिला श्वास घेता यायचा. ती त्या तांबड्या रेक्झिनवर हात फिरवायची आणि येईल त्या बाईला सांगायची, ‘‘माह्या पोरानं केली. पाह्य, कशी मऊ हाय.’’ मी आत असलो तर बाहेर निघून जायचो. तिच्या तोंडून एकदा तरी शिवी यावी, असं मला वाटायचं. ती आली नाही. पोळ्याच्या दोन दिवस आधी, सकाळी, त्याच गादीला टेकून ती गेली.

सांत्वनाला आलेल्या प्रत्येकानं गादीचं नाव काढलं. असं आईसाठी कोण करतं, म्हणाले. त्या हंगामात माझं बी आधीपेक्षा जास्त खपलं.

गादी घरात ठेववेना आणि टाकवेनाही. महिन्याभरानं ती घेऊन मी मेहकरला गेलो. मिस्त्री एका टांग्याच्या गादीला टाके घालत होते. आई चालत्या गाडीवरून पडली आणि त्यातच गेली, एवढं मी सांगितलं. त्यांचा हात थांबला. त्यांनी हळू आवाजात विचारलं, ‘‘भाऊ, दोन्हीकडं पाय टाकून बसल्या होत्या ना?’’

खरं सांगायला मी इतक्या लांब गेलो होतो. वाटेत ते वाक्य मी दहा वेळा तोंडात घोळवलं होतं. दुकानात दोन माणसं बसलेली होती, मेहकरच्या बाजूची, बी घेणारी.

‘‘हो,’’ मी म्हटलं.

मिस्त्रींनी गादी मांडीवर घेतली. तळहातानं दाबली, कड चाचपली, पुन्हा दाबली. ‘‘मंग माझ्या हातून काही चुकलं,’’ ते म्हणाले. ‘‘ठेवून जा. मले पाहू द्या.’’

मी ठेवून आलो. पुढं सहा-सात महिने मेहकरच्या वाटेला गेलो नाही. गेलो तेव्हा दुकानात त्यांनी मला बसायला पोतं टाकलं. मागच्या फळीवर आईचा तो मातीचा ठसा ठेवलेला होता आणि त्याच्या शेजारी गादीचे सुटे थर, एकावर एक. रेक्झिन वेगळं, केस वेगळे, स्प्रिंगा वेगळ्या. ते तोंडातले खिळे काढून बोलायला लागले.

‘‘पुरी उसवली भाऊ. ठशाशी लावून पाह्यली, दोनदा. डावं अंग खोल, उजवं वर, सगळं बराबर. एक बी चूक सापडली नाही. पन चूक तं असंलच. नाही तं दोन्हीकडं पाय टाकलेलं मानूस पडंल कसं?’’ त्यांनी ठशावरची धूळ बाहीनं पुसली. ‘‘तवापासून फटफटीची गादी शिवली नाही म्या. लोकं येतात, वापस पाठवतो. मन धजत नाही.’’

मला बोलायचं होतं ते एकच वाक्य होतं आणि तेव्हा दुकानात आमच्या दोघांशिवाय कोणीही नव्हतं. तरी मी गप्प बसलो. मग ते उठून माझ्यासमोर आले. वयानं माझ्या वडिलांएवढा तो माणूस. खिळ्यांनी भोकं पडलेल्या आपल्या हातांत त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, ‘‘भाऊ, तुमच्या मायचा गुन्हेगार हाय मी. माफ करा.’’

मी त्यांना माफ केलं.